रकाना सातवा

आमच्या राईस मिलच्या अपघात-वहीत सात रकाने.
तारीख, वेळ, नाव, अवयव,
किती खाडे, किती दिले,
आणि सातवा : थोडक्यात टळलेले.
अकरा वर्षं मी वही लिहितो,
सातवा कोराच.
जे झालंच नाही त्याचं लिहायचं काय?

मार्गशीर्षात, धान अंगावर आलेलं,
तुमसर रोडपर्यंत ट्रॅक्टरांची रांग,
नेमका तेव्हा नागपूरहून माणूस आला, प्रशिक्षणाला.
शेटजी म्हणाले, एक तास. त्यातला अर्धा चहात घाला.
गोदामाच्या भिंतीवर त्यानं चित्रं पाडली :
पिवळी हेल्मेटं, चकचकीत फरशी,
कुठल्या देशातला कारखाना कोण जाणे,
कोंड्याचा एक कण नाही.
तिसऱ्या चित्राला लाईन गेली.

मग त्यानं पिशवीच उपडी केली.
सहा लाल कुलपं.
हलकी, जत्रेतल्या खेळण्यासारखी.
"यंत्रात उतरायचं तर आधी खटका पाडायचा,
खटक्याला आपलं कुलूप, चावी आपल्या अंगावर.
मालक आला तरी द्यायची नाही.
कलेक्टर आला तरी नाही."
बाया हसल्या.
कलेक्टर कायले येते जी आमच्या खड्ड्यात!

चैतराम उईके म्हणाला,
माह्या घराले कवाडच नाही, कुलूप कुठं लावू?
त्याच्या उजव्या हाताला बोटं तीन.
बाकीची दोन वहीत आहेत,
पान चौदा, रकाना चौथा, माझ्या अक्षरात.
त्यानं एक कुलूप उचललं, तळव्यावर जोखलं,
आणि रेवता मेश्रामच्या ओंजळीत टाकलं.
"खड्ड्यात तू उतरते. तुले पायजे."

रेवता अंगानं बारीक.
एलिव्हेटरच्या बुडाशी धान तुंबलं की तीच,
बाकीच्यांचे खांदे अडकतात.
तिनं खिळ्यानं कुलपावर नाव कोरलं.
'रेव' एवढंच मावलं, 'ता' मागच्या बाजूला.
चावी गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवली.

त्यानंतर बाराव्या दिवशी
धान तुंबलं, आणि तेवढ्यात लाईनही गेली.
टोपलं घेऊन ती उतरायला लागली,
दोन पायऱ्या उतरून थांबली, परत वर आली.
कोणीतरी ओरडलं,
लाईनच नाही त कुलूप कायले?
ती काही बोलली नाही.
कुलूप लावलं, ओढून पाहिलं, उतरली.

तीन चाळीसला लाईन आली.
पंखे फिरले, बल्ब लागले, हमालांच्या खोलीतला रेडिओ
अर्ध्या वाक्यातून बोलू लागला.
ऑफिसातून शेटजी : सुरू करा रे!
नवा पोरगा, हेमराज बिसेन, पॅनेलकडे धावला.
खटका ओढला. हलेना.
पुन्हा ओढला.
"शेटजी, कोणाचं तरी कुलूप आहे!"
"तोडा ना मग! ट्रॅक्टर उभे आहेत!"
पोरगा हातोडी शोधायला वळला
आणि चैतराम पॅनेलपुढे येऊन उभा राहिला,
तीन बोटं कुलपावर.
त्याला कोणी सरक म्हणालं नाही.
खड्ड्यातून फक्त
टोपलं फरशीला घासल्याचा आवाज येत होता.

रेवता वर आली. पापण्यांवर कोंडा.
"का झालं? असे काहून पाहून रायले?"
पाणी प्याली, चावी सोडली, कुलूप काढलं.
खटका पडला, पट्टा फिरला,
लोखंडी डबे खड्ड्यात शिरले,
ती बसली होती तिथूनच वर आले.
पहिल्या फेरीचे मी मोजले. बेचाळीस.

संध्याकाळी वही उघडली.
तारीख. वेळ तीन चाळीस. नाव, रेवता मेश्राम.
अवयव, इथं पेन अडलं.
मग लिहिलं : सगळे, जागेवर.
सातव्या रकान्यात बरोबरची खूण केली,
दुसरं काय करतात ते ठाऊक नव्हतं.

शेटजींनी न वाचता सही केली.
दारापर्यंत गेले, थांबले.
ही कुलपं कितीला पडतात रे?
अजून दहा-बारा मागवून घे.
भाव करून.